वचनचिठ्ठी आणि वेतनश्रेणी

अमेरिकेच्या ज्या मध्यवर्ती अन्वेषण खात्याला सारे जग एफबीआय या आद्याक्षरांनी ओळखते, त्या खात्यात नोकरीसाठी येणारा उमेदवार कोणकोणत्या कारणांनी प्रथमदर्शनीच अपात्र ठरेल, याची एक यादी त्या खात्याने प्रसिद्ध केलेली आहे. गंभीर गुन्ह्याबद्दल झालेली शिक्षा, अमली पदार्थांविषयीच्या नियमांचा भंग, प्राप्तिकराची विवरणपत्रे न भरणे, अशा कोणालाही अपेक्षित वाटतील त्या कलमांच्या पंक्तीत आणखी एक कलम बसविलेले आढळते, आणि ते म्हणजे सरकारी हमीचे विद्यार्थिकर्ज थकविणे. या कलमात गैर असे काही नाही. ज्याच्या हाती इतरांच्या अपराधांचा तपास सोपवावयाचा तो स्वतः सरकारचा थकबाकीदार नसावा, ही अपेक्षा रास्तच म्हटली पाहिजे. परंतु पडद्यावरच्या गुप्तहेरांनी भारावून जाऊन ज्यांनी फौजदारी न्यायाच्या पदवीसाठी कर्ज काढले, आणि पदवीनंतर पुरेशा पगाराची नोकरी न मिळाल्यामुळे ज्यांचे हप्ते थकले, अशांच्या बाबतीत जिच्या आशेने कर्ज काढले तीच नोकरी त्या कर्जापायी हातची जावी, असा विलक्षण योग या कलमाने जुळवून आणला आहे. या दैवदुर्विलासाची मुळे गुन्हेगारीच्या शास्त्रात नसून साध्या जमाखर्चात आहेत, आणि तो जमाखर्च मांडून पाहणे एवढाच या प्रकरणाचा हेतू आहे.

फौजदारी न्यायाची पदवी म्हणजे कायद्याची पदवी नव्हे. वकील होण्यासाठी तिकडे पदवीनंतर आणखी तीन वर्षे स्वतंत्र विधिविद्यालयात घालवावी लागतात. ती पोलिसी प्रशिक्षणाची सनदही नव्हे. कारण पदवी कोणतीही असो वा नसो, भरती झालेल्या प्रत्येक शिपायाला पोलीस अकादमीच्या शिक्षणक्रमातून जावेच लागते, आणि २०१३ च्या सरकारी पाहणीनुसार त्याची सरासरी मुदत सुमारे २१ आठवड्यांची होती. पोलीसव्यवस्था, न्यायालयांचे कामकाज, तुरुंगांचा कारभार, गुन्हेगारीची सामाजिक कारणमीमांसा आणि संख्याशास्त्राची तोंडओळख, असा हा चार वर्षांचा संमिश्र अभ्यासक्रम आहे. या व तत्सदृश विषयांतील पदवीधरांची संख्या त्या देशात वर्षाला पन्नास हजारांच्या वर जाते. महाराष्ट्रातील वाचकाला याचे थोडे नवल वाटेल, कारण आपल्याकडे लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून फौजदार होऊ पाहणाऱ्याला कोणत्याही शाखेची पदवी चालते, आणि त्यामुळे त्या पदासाठी म्हणून वेगळी पदवी घेण्याची कल्पना आपल्या मध्यमवर्गात फारशी रुजलेली नाही.

तिकडे ती रुजली, याला कारण एक पोस्टमन झाला. ऑगस्ट व्होल्मर हा कॅलिफोर्नियातील बर्कली गावचा रहिवासी. त्याचे शालेय शिक्षण बेताचेच होते आणि १९०५ साली गावाचा मार्शल म्हणून निवडून येईपर्यंत तो टपाल वाटण्याचे काम करीत होता. पोलिसाने शिकले पाहिजे हा ध्यास मात्र त्याच्याइतका त्या काळी दुसऱ्या कोणी घेतला नसेल. १९०८ मध्ये त्याने आपल्या शिपायांसाठी शाळा काढली, १९१६ पासून बर्कलीच्या विद्यापीठात गुन्हेशास्त्राचे वर्ग सुरू करविले, आणि पुढे सॅन होजे व मिशिगन येथील सरकारी महाविद्यालयांनी १९३० ते १९३५ या काळात हाच कित्ता गिरविला. तथापि हे सारे प्रयोग मूठभर संस्थांपुरते राहिले असते, जर १९६० नंतरच्या दशकात त्या देशातील शहरे दंगलींनी पेटली नसती आणि गुन्हेगारी हा राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीतला प्रश्न झाला नसता. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६५ मध्ये नेमलेल्या आयोगाने १९६७ च्या आपल्या अहवालात अशी शिफारस केली, की सर्वसाधारण अधिकार असलेला प्रत्येक पोलीस कालांतराने पदवीधर असावा. पुढल्याच वर्षी काँग्रेसने कायदा केला आणि त्या कायद्यान्वये पोलीस-शिक्षणासाठी कर्जे व अनुदाने देण्याची एक योजना अमलात आली.

या योजनेतील एक तरतूद आजच्या कर्जदाराने वाचली तर त्याला हेवा वाटल्याशिवाय राहणार नाही. विद्यार्थ्याने शिक्षणासाठी घेतलेले कर्ज, तो पोलीस, न्यायालय किंवा तुरुंगखात्यात पूर्ण वेळ नोकरीला लागल्यानंतर, प्रत्येक वर्षाच्या सेवेमागे शेकडा २५ या प्रमाणात माफ होत असे. म्हणजे चार वर्षे इमानेइतबारे चाकरी केली, की कर्जाचा कागद कोरा. राज्यकर्त्यांना पदवीधर पोलीस हवे होते, म्हणून त्यांनी त्या पदवीचा खर्च आपल्या शिरावर घेतला, हा व्यवहार सरळ होता. पैसा आला तसे विभागही निघाले. सातआठ वर्षांत अशा अभ्यासक्रमांच्या संस्थांची संख्या हजाराच्या घरात गेली, आणि त्यांतील कित्येक ठिकाणी निवृत्त अंमलदारांनी आपल्या उमेदीच्या काळातील पराक्रमकथा सांगाव्यात आणि विद्यार्थ्यांनी त्या परीक्षेत लिहाव्यात, या थराला अध्यापन आले. लॉरेन्स शर्मन यांनी एका राष्ट्रीय समितीच्या वतीने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या दर्जाहीनतेवर कठोर टीका आहे. पोलिसाला संकुचित धंदेशिक्षण नको, व्यापक उदारशिक्षण हवे, हा त्याचा निष्कर्ष. ज्या बर्कलीत हे बीज पडले होते, तेथील गुन्हेशास्त्र विद्यालय तर त्यापूर्वीच, १९७६ साली, बंद झाले होते. १९८२ पर्यंत या योजनेची जननी असलेली सरकारी कचेरीही गुंडाळली गेली.

माझ्या मते या विषयातील आजच्या बहुतेक दुःखाचा उगम येथे आहे. सरकारचे अनुदान आटले, पण त्या अनुदानावर उभे राहिलेले विभाग, प्राध्यापक आणि इमारती राहिल्या. त्यांना विद्यार्थी हवे होते आणि विद्यार्थ्यांना पैसा हवा होता. तो पैसा १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने सुरू केलेल्या सर्वसाधारण विद्यार्थिकर्जातून येऊ लागला, आणि त्या कर्जात चार वर्षांच्या सेवेने मिळणारी माफी नव्हती. पदवीधर पोलीस असावा ही इच्छा समाजाची. तिचा खर्च मात्र अठरा वर्षांच्या पोराने कर्जाच्या वचनचिठ्ठीवर केलेल्या सहीने उचलला जाऊ लागला.

आता ती सही किती रकमेची असते ते पाहू. जो विद्यार्थी आईबापांवर अवलंबून आहे असे कायदा मानतो, त्याला संघ सरकारकडून पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि तिसऱ्या व चौथ्या वर्षी प्रत्येकी ७,५०० डॉलरपर्यंत कर्ज मिळू शकते. चार वर्षांची बेरीज २७,००० डॉलर. व्याजाचा दर दरसाल ठरतो; २०२३-२४ मध्ये तो शेकडा ५.५० होता, पुढच्या वर्षी ६.५३ झाला. सोयीसाठी साडेपाच टक्केच धरू आणि शिक्षण चालू असतानाच साचत जाणारे व्याजही बाजूला ठेवू. परतफेडीची ठराविक मुदत तेव्हा दहा वर्षांची होती. या मुदतीत दरमहा सुमारे २९३ डॉलरचा हप्ता बसतो. मुद्दल फिटेपर्यंत एकंदर ३५,००० डॉलरांहून किंचित अधिक रक्कम भरली जाते, म्हणजे व्याजापोटी आठ हजार जातात. वर्षाचा भरणा ३,५१६ डॉलर.

हा भरणा झेपण्याजोगा आहे किंवा कसे, हे ठरविण्यास एखादे प्रमाण हवे. ते बराक ओबामांच्या कारकीर्दीत शिक्षणखात्याने २०१४ मध्ये केलेल्या एका नियमात सापडते. मुख्यतः नफ्यासाठी चालणाऱ्या महाविद्यालयांना लागू असलेल्या त्या नियमाची मर्यादा अशी, की पदवीधरांचा कर्जाचा वार्षिक हप्ता त्यांच्या वार्षिक कमाईच्या शेकडा ८ च्या आत असावा, अथवा जीवनावश्यक खर्च वजा जाता उरणाऱ्या कमाईच्या शेकडा २० च्या आत. या नियमाचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे: २०१४ मध्ये तो आला, २०१९ मध्ये पुढील सरकारने तो रद्द केला, २०२३ मध्ये त्यानंतरच्या सरकारने तो पुन्हा लिहिला. सरकारे बदलली तरी आठ टक्क्यांचे गणित बदलत नाही, म्हणून आपण ते वापरू. आमचा ३,५१६ डॉलरचा हप्ता आठ टक्क्यांत बसावयाचा असेल तर वार्षिक पगार सुमारे ४४,००० डॉलर असला पाहिजे. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की सरकारी नियमात पदवीचे कर्ज दहाऐवजी पंधरा वर्षांवर पसरलेले धरतात. तसे केले तर हप्ता २२१ डॉलरवर येतो आणि ३३,००० डॉलरचा पगारही पुरतो, अर्थात पाच वर्षे अधिक व्याज भरण्याच्या अटीवर.

मग पगार काय मिळतो? अमेरिकेच्या श्रमखात्याने मे २०२३ साठी दिलेले मध्यक आकडे येथे उपयोगी पडतील. मध्यक म्हणजे निम्म्यांचा पगार ज्याच्या वर आणि निम्म्यांचा ज्याच्या खाली असतो तो. गस्तीच्या पोलिसाचा मध्यक सुमारे ७२ हजार डॉलर, परिवीक्षा अधिकाऱ्याचा सुमारे ६२ हजार, तुरुंगरक्षकाचा सुमारे ५३ हजार, खासगी पहारेकऱ्याचा ३७-३८ हजार, आणि वकिलाचा सुमारे १ लाख ४५ हजार. हे आकडे वीस वर्षे नोकरी झालेल्यांनाही पोटात घेऊन आलेले असल्यामुळे नवख्या पदवीधराच्या हाती यापेक्षा कमी पडते, हे ध्यानात ठेवावे. तरीही पोलिसाला, परिवीक्षा अधिकाऱ्याला, किंबहुना तुरुंगरक्षकालाही २७ हजारांचे कर्ज चिरडून टाकीत नाही. ज्याला यांपैकी काहीच मिळाले नाही आणि जो एखाद्या बाजारसंकुलाच्या दारात पहाऱ्याला उभा राहिला, त्याच्या पगाराचे मात्र नऊ टक्क्यांहून अधिक हप्त्यात जातात.

येथवर चित्र फारसे भयावह नाही. परंतु या आकड्यांत दडलेली एक गोष्ट विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. श्रमखात्याच्याच म्हणण्याप्रमाणे तुरुंगरक्षकाच्या नोकरीला, आणि सर्वसाधारणपणे पोलिसाच्याही, माध्यमिक शाळेचा दाखला एवढीच प्रवेशाची अट असते. २०१३ च्या सरकारी पाहणीत स्थानिक पोलीसखात्यांपैकी चार वर्षांची पदवी अनिवार्य मानणारी खाती शंभरात एक निघाली. दोन वर्षांची पदवी मागणारी दहा. म्हणजे ७२ हजारांचा तो पगार पदवीचा नव्हे, पदाचा आहे. शेजारी शेजारी गस्त घालणारे दोन शिपाई असोत, एक शाळेतून थेट आलेला आणि दुसरा सत्तर हजार डॉलर देऊन पदवी घेतलेला. नगरपालिकेच्या वेतनपत्रकात दोघांची श्रेणी, पायरी आणि वार्षिक वाढ पुष्कळदा एकच असते. वकिलाच्या किंवा अभियंत्याच्या बाबतीत महागड्या विद्यापीठाचे नाव बाजारात काही किंमत आणते, निदान तसा समज तरी आहे. सरकारी वेतनश्रेणीला महाविद्यालयाचे नाव वाचता येत नाही. म्हणून या पदवीचा जमाखर्च इतर पदव्यांच्या जमाखर्चाहून निराळा ठरतो. येथे जमेची बाजू कामगारसंघ आणि नगरपालिका यांच्या कराराने आधीच बांधली गेलेली आहे. विद्यार्थ्याच्या हातात उरते ती फक्त खर्चाची बाजू, आणि नेमकी तीच तो डोळे मिटून भरतो.

वेतनश्रेणीने पदवीची दखल घेतल्याची उदाहरणे नाहीत असे नाही, आणि त्यांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मोठे बोधप्रद आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९७० साली ‘क्विन बिल’ या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. जी गावे तो स्वीकारतील तेथील पोलिसाला दोन वर्षांच्या पदवीसाठी मूळ पगाराच्या शेकडा १०, चार वर्षांच्या पदवीसाठी शेकडा २०, आणि पदव्युत्तर किंवा कायद्याच्या पदवीसाठी शेकडा २५ इतकी जादा रक्कम मिळे. निम्मा भार राज्याने व निम्मा गावाने सोसावयाचा. शेकडा २० म्हणजे पन्नास हजारांवर दरसाल दहा हजार! अशा हिशेबात कर्ज तीनचार वर्षांत फिटते, आणि पुढील सारी वाढ निव्वळ नफा. स्वाभाविकच त्या राज्यातील पोलीस पदव्यांच्या मागे लागले, आणि त्यांच्यामागे स्वस्तात व सुलभपणे पदवी देणाऱ्या संस्थाही लागल्या, इतक्या की नियम पुढे कडक करावे लागले. नंतर आर्थिक मंदी आली. २००९ मध्ये राज्याने आपला वाटा बहुतांशी आखडता घेतला, नव्याने भरती होणाऱ्यांना ही सवलत बंद झाली, आणि राज्य देत नसेल तर त्याचा निम्मा भार गावांनी उचललाच पाहिजे असे नाही, असा निवाडा त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. वचनचिठ्ठीवरील सही बँकेला आणि सरकारला वसुलीसाठी दहा वर्षांनीही पुरते. वेतनवाढीचे वचन मात्र एका अर्थसंकल्पाने मागे घेता येते.

सर्वांत मोठी नाडणूक झाली ती नफ्यासाठी चालणाऱ्या महाविद्यालयांत. फौजदारी न्यायाचा वर्ग चालविण्यास प्रयोगशाळा लागत नाही, यंत्रे लागत नाहीत, रुग्णालय लागत नाही. खडू, फळा आणि एक जाहिरात पुरते. जाहिरातीला तर विषय जणू सजूनच आलेला. शिकागोच्या परिसरात वेस्टवुड नावाच्या महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना राज्य पोलीस, एफबीआय अशा नेमणुकांची स्वप्ने दाखविली. परंतु त्या महाविद्यालयाला प्रादेशिक अधिमान्यता नसल्यामुळे इलिनॉयमधील अनेक पोलीसखाती त्याची पदवी मान्यच करीत नव्हती. राज्याच्या महाधिवक्त्या लिसा मॅडिगन यांनी २०१२ मध्ये दावा लावला. काही विद्यार्थ्यांच्या डोक्यावरचे कर्ज सत्तर हजार डॉलरच्या आसपास पोहोचले होते. आमच्याच प्रमाणाने हिशेब केला तर सत्तर हजारांचा दहा वर्षांचा मासिक हप्ता ७६० डॉलर होतो: तुरुंगरक्षकाच्या पगाराचा सहावा हिस्सा, पहारेकऱ्याच्या पगाराचा जवळजवळ पाव. २०१५ मध्ये तडजोड होऊन महाविद्यालयाने स्वतः दिलेली दीड कोटी डॉलरची कर्जे माफ केली, २०१६ मध्ये ते बंद पडले, आणि २०२२ मध्ये संघ सरकारने त्याच्या सुमारे ७९ हजार माजी विद्यार्थ्यांचे दीड अब्ज डॉलरचे सरकारी कर्ज रद्द केले. एव्हाना पहिल्या तुकडीतील विद्यार्थी चाळिशीकडे झुकले होते.

मिनेसोटातील प्रकरण याहूनही नेमके आहे. त्या राज्यात पोलीस होण्यासाठी निदान दोन वर्षांची पदवी लागते, असा दंडक १९७०-८० च्या दशकापासून आहे, आणि त्या पदवीतील व्यावसायिक अभ्यासक्रम राज्याच्या पोलीस-प्रमाणन मंडळाने मान्य केलेला असावा लागतो. परिवीक्षा अधिकाऱ्याला तर चार वर्षांची पदवी हवी. ग्लोब युनिव्हर्सिटी आणि मिनेसोटा स्कूल ऑफ बिझनेस या दोन भगिनी संस्था फौजदारी न्यायाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालवीत आणि त्यातून पोलीस व परिवीक्षा अधिकारी होता येईल असा समज विद्यार्थ्यांत पसरवीत, पण त्या अभ्यासक्रमाला मंडळाची मान्यताच नव्हती. ज्या दोन नोकऱ्यांच्या नावाने विद्यार्थी भरती केले जात होते, त्यांपैकी एकही नोकरी त्या पदवीने मिळणे शक्य नव्हते. महाधिवक्त्या लोरी स्वॉन्सन यांनी २०१४ मध्ये खटला भरला आणि २०१६ मध्ये हेनेपिन परगण्याच्या न्यायालयाने या बाबतीत फसवणूक झाल्याचा निर्णय दिला. या खटल्यात मला खटकते ते हे, की मंडळाच्या मान्य अभ्यासक्रमांची यादी जाहीर होती आणि ती कोणालाही पाहता येत होती. फौजदारी न्याय शिकू निघालेल्यांनी पहिला तपास आपल्याच महाविद्यालयाचा केला नाही. अर्थात हा दोष अठरा वर्षांच्या मुलाच्या माथी मारणे सोपे, आणि अन्यायाचेही आहे. त्या संस्थांच्या हाती सरकारी कर्जाचे पैसे पडत होते, ते देणाऱ्या सरकारने तरी ती यादी कोठे पाहिली होती?

आणि हे कर्ज इतर कर्जांसारखे नव्हे. जुगारात घालविलेले पैसे, उधारीवर घेतलेली मोटार, बुडालेला धंदा, या सर्वांतून दिवाळखोरीच्या अर्जाने सुटका होऊ शकते. विद्यार्थिकर्जाला १९७६ मध्ये प्रथम या सवलतीतून काही वर्षांपुरते वगळण्यात आले, १९९८ मध्ये सरकारी कर्जांपुरती ती मुदतही काढून टाकण्यात आली, आणि २००५ मध्ये बहुतेक खासगी विद्यार्थिकर्जे त्याच माळेत ओवली गेली. ‘असह्य हालअपेष्टा’ सिद्ध केल्याखेरीज न्यायालय आता हात लावीत नाही. हप्ता २७० दिवस थकला की सरकारी कर्ज बुडीत ठरते, आणि मग न्यायालयाचा हुकूमनामा नसतानाही पगारातून शेकडा १५ पर्यंत रक्कम परस्पर कापून घेण्याचा आणि प्राप्तिकराचा परतावा अडकवून ठेवण्याचा अधिकार सरकारला आहे. जप्तीची अशी सोय आपल्या जुन्या सावकारांनाही लाभली नव्हती.

उलट बाजूस एक मोठी सवलतही आहे, आणि पोलीस-तुरुंगखात्यातील नोकराला ती खास उपयोगी. २००७ च्या कायद्याप्रमाणे जो सार्वजनिक सेवेत पूर्ण वेळ काम करीत १२० मासिक हप्ते नियमाने भरतो, त्याचे उरलेले सरकारी कर्ज माफ होते. ऐकावयास हे फार गोड वाटते. पण १२० हप्ते म्हणजे दहा वर्षे, आणि ठराविक मुदतीचा हप्ता भरणाऱ्याचे कर्ज दहा वर्षांत आपोआपच फिटते. माफ करावयास उरतेच काय? ही सवलत पदरात पडावी यासाठी पहिल्या दिवसापासून उत्पन्नाशी निगडित अशा कमी हप्त्याची योजना निवडावी लागते, कर्ज योग्य प्रकारचेच असावे लागते, आणि दरसाल मालकाचा दाखला पाठविलेला बरा. या तपशिलांची वाट चुकल्यामुळे २०१७ नंतर आलेल्या पहिल्या अर्जांपैकी शंभरांत नव्व्याण्णव फेटाळले गेले. पुढे २०२१ पासून नियम सैल झाले आणि २०२४ पर्यंत दहा लाखांहून अधिक कर्जदारांना माफी मिळाली, हे खरे. तरी २७ हजारांच्या कर्जावर आणि ७२ हजारांच्या पगारावर ही माफी जवळजवळ निरर्थक आहे, तिचा अर्थ मोठे कर्ज आणि लहान पगार यांच्या जोडीतच लागतो.

मग ही पदवी घेऊच नये काय? तसे मी म्हणणार नाही. खात्यात सार्जंट किंवा लेफ्टनंट होताना पुष्कळ ठिकाणी ती उपयोगी पडते, संघ सरकारच्या नोकऱ्यांत तिला किंमत आहे, आणि पगाराच्या आकड्यांत न दिसणारे निवृत्तिवेतन ही पोलिसी नोकरीची खरी मिळकत आहे. प्रश्न किमतीचा आहे. २०२३-२४ मध्ये सार्वजनिक द्विवर्षीय महाविद्यालयाची सरासरी वार्षिक फी सुमारे ४,००० डॉलर होती, स्वतःच्या राज्यातील सरकारी विद्यापीठाची ११,००० च्या वर, आणि खासगी महाविद्यालयाची ४१,००० च्या वर. न्यूयॉर्कमधील जॉन जे महाविद्यालय १९६४ मध्ये पोलिसांसाठीच म्हणून स्थापन झाले, आज या विषयात त्याचे नाव देशभर घेतले जाते, आणि तेथे राज्यातील रहिवाशाची वार्षिक शिकवणी-फी, इतर शुल्के वगळता, त्या वर्षी सात हजार डॉलरांच्या आत होती. पहिली दोन वर्षे द्विवर्षीय महाविद्यालयात, पुढची दोन सरकारी विद्यापीठात, आणि जमल्यास नोकरीला लागल्यावर खात्याच्या खर्चाने, हा मार्ग ज्याला मोकळा आहे त्याने खासगी महाविद्यालयाची पायरी चढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एफबीआयचेच ध्येय असेल तर हिशेबशास्त्र, संगणक किंवा एखादी परकी भाषा शिकावी. त्या खात्याला पदवी हवी असते, पण ती या विषयाचीच असावी असा त्याचा आग्रह नाही. आणि पदवी अर्धवट सोडण्याची शक्यता मनाशी प्रामाणिकपणे तोलून पाहावी, कारण थकबाकीदारांत अधिक भरणा प्रचंड कर्जवाल्यांचा नसून लहानसे कर्ज घेऊन पदवीविना बाहेर पडलेल्यांचा असतो.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील ज्या आईबापांची मुले हा विषय निवडीत असतील, त्यांना एक सूचना करावीशी वाटते. शिक्षणखात्याने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या संकेतस्थळावर २०१९ पासून महाविद्यालयांच्या पुष्कळ विषयांतील पदवीधरांचे कर्ज आणि कमाई यांचे आकडे शेजारी शेजारी दिलेले असतात. ते आकडे सरकारी मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांपुरतेच असतात, तरीही महाविद्यालयाच्या रंगीत पुस्तिकेपेक्षा अधिक खरे असतात. त्यासोबत ज्या खात्यात नोकरी हवी त्याची भरतीची जाहिरात आणि वेतनपत्रक मागवून घ्यावे, आणि मगच वचनचिठ्ठीवर सही करावी. जाहिरातही दरवर्षी नव्याने वाचावी. न्यूयॉर्कच्या पोलीसखात्याला दीर्घकाळ ६० क्रेडिट्सचे महाविद्यालयीन शिक्षण लागत असे. उमेदवार मिळेनासे झाल्यामुळे फेब्रुवारी २०२५ मध्ये खात्याने ती अट २४ क्रेडिट्सवर आणली. केवळ त्या अटीसाठी उरलेल्या ३६ क्रेडिट्सचे कर्ज ज्यांनी काढले होते, त्यांना ते पैसे परत देण्याची तरतूद कोणत्याही नियमात नव्हती.